गाडीमागं घर जोडण्याआधी

पुतण्याचा फोन आला, "काका, ट्रेलर घेतलाय." मला वाटलं, उसाची ट्रॉली. नोकरी सोडून हा वाहतुकीत पडला की काय, म्हणून पोटात गोळाच आला. साताऱ्याला जाऊन बघतो तर दारात पांढरं खोपट उभं. दोन चाकं, एक खिडकी, आत पलंग, ओटा आणि एवढंसं बेसिन. जुनी कॅराव्हॅन. म्हणाला, "उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन राजस्थानपर्यंत जायचं. गाडी आरामात ओढतीय. काल वाढे फाट्यापर्यंत जाऊन आलो."

ओढतीय यात नवल काही नाही. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस ओढतो, तर हजार-बाराशे किलोचं हे खोपट आजकालची कुठलीही दणकट डिझेल गाडी ओढेल. प्रश्न पुढचे असतात. ते खोपट मागं सरळ रेषेत राहील का, उतारावर थांबेल का, आणि दिवसाला चारशे किलोमीटर पळून त्याची चाकं जाग्यावर राहतील का. आमचं घर कराडजवळचं. थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, आधी बैलगाडीनं आणि मग ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस घालायचे. त्यामुळं कॅराव्हॅनचं शास्त्र मला पुस्तकाआधी उसात भेटलं.

उलाळ

बैलगाडी भरताना आण्णांचा एकच धोशा असे: "मागं नको, उलाळ हुईल." दोन चाकांची गाडी म्हणजे आखावर टेकलेली तराजूची दांडी. आख म्हणजे ॲक्सल. मागं जास्त भरलं की पुढची बाजू उचलते, जू बैलांच्या मानेवरून वर जायला लागतं. पुढं जास्त भरलं की सगळा भार बैलांच्या मानेवर. शहाणा गाडीवान भार आखाच्या किंचित पुढं ठेवतो, म्हणजे जू मानेवर बसून राहतं पण मान दबत नाही.

कॅराव्हॅनला बैलाच्या मानेच्या जागी गाडीच्या मागचा हूक आहे. हुकाच्या गोळ्यावर ट्रेलरची दांडी किती किलोनं दाबते, हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. अमेरिकेत प्रवासी ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर असावा असं धरतात. युरोपात 5 ते 7 टक्क्यांवर भागवतात. पण तिथल्या कॅराव्हॅन हलक्या, जड सामान आखाच्या डोक्यावरच ठेवायची शिस्त, आणि वेगालाही लगाम: ब्रिटनमध्ये मोटरवेवर ट्रेलर जोडलेल्या कारला ताशी 60 मैल, जर्मनीत सर्वसाधारणपणे ताशी 80 किलोमीटर. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या सामान भरायच्या सवयी बघता मी दहाच्या आसपास राहा म्हणेन.

हा भार मोजायला साताऱ्या-सांगलीसारखी सोयीची जागा नाही. दर काही किलोमीटरवर वजनकाटा. हायवेजवळच्या एका काट्यावर आम्ही दोन पावत्या काढल्या. आधी ट्रेलर गाडीपासून सोडून, पूर्ण काट्यावर: 1,140 किलो. मग गाडीला जोडून, पण गाडी काट्याबाहेर आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर: 1,100. म्हणजे हुकावर फक्त 40 किलो, साडेतीन टक्के. काटेवाल्यानं पावती देताना विचारलं, "यात काय भरलंय? मळी?"

भरलं होतं ते असं: मागच्या भिंतीला लागून पाण्याची टाकी, तीही 80 लिटर भरलेली. तिच्या शेजारी बॅटरी, स्टेपनी, हत्यारांची पेटी. सगळं मागं, कारण मागचा दरवाजा उघडला की हाताशी येतं. टाकी रिकामी केली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. राजस्थानात पाणी मिळतं, ते साताऱ्याहून न्यायची गरज नाही. बॅटरी, स्टेपनी आणि पेटी मिळून चाळीसेक किलो आखाच्या थोडं पुढं घेतलं. पुन्हा काटा: एकूण 1,060, नुसत्या चाकांवर 960. हुकावर 100 किलो, म्हणजे साडेनऊ टक्के. नवं काहीच घेतलं नाही, फक्त सामान हललं आणि पाणी सांडलं. वजन जितकं आखापासून लांब तितका त्याचा जोर जास्त. पोरं सीसॉवर टोकाला सरकून बसतात ते काही उगाच नाही.

एक सावधगिरी. मोठ्या काट्यावरचा आकडा दहा-दहा किंवा वीस-वीस किलोच्या टप्प्यानं पुढं सरकतो, त्यामुळं वजाबाकीत तेवढी चूक येऊ शकते. म्हणून घरी येऊन माणसांचं वजन करायच्या काट्यावर दांडी टेकवून बघितलं. काट्याला झेपणार असेल तरच हे करावं, नाहीतर काटा नवा आणावा लागतो.

आता उलटी चूकही बघा. हुकावर भार जास्त झाला तर गाडीचं ढुंगण बसतं आणि नाक उचलतं. गळीत हंगामात चढावर उसाच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेलेली तुम्ही पाहिली असतील. बघायला गंमत वाटते, पण चालकाच्या हातातलं स्टिअरिंग तेव्हा नुसतं शोभेचं असतं. कारचं नाक तितकं उचलत नाही, पण पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि पुढचा ब्रेक नीट पकडत नाही. शिवाय हुकावरचे ते 100 किलो गाडीच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतात. पाच माणसं, टपावर सामान आणि वर हे 100, असा हिशेब करायचा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचा आकडा नसेल तर अंदाजानं धरू नका, कंपनीकडून लेखी घ्या.

शेपूट का हलतं

मागं भार असला की काय होतं हे पुतण्याच्या धाकट्यानं जेवणाच्या टेबलावर करून दाखवलं, म्हणजे मी त्याच्याकडून करवून घेतलं. खेळण्यातली गाडी, तिच्यामागं दोन चाकांची ट्रॉली, आणि एका बाजूनं उचललेली लांब फळी. ट्रॉलीत कणकेचा गोळा पुढच्या बाजूला ठेवला आणि गाडी सोडली. ट्रॉलीला बोटानं टिचकी मारली, ती एकदा हलली आणि सरळ झाली. गोळा मागं ठेवला, तशीच टिचकी मारली. ट्रॉली डावीकडं, उजवीकडं, मग आणखी जोरात डावीकडं, आणि गाडीसकट आडवी. पोरगं खूश. त्याच्या आईनं कणीक काढून घेतली.

खऱ्या रस्त्यावर टिचकी मारायला बाहेरच्या गोष्टी असतात. शेजारून जाणारी बस आधी हवा ढकलते आणि पुढं गेली की ओढून घेते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या कशाला उभ्या केल्यात हे कॅराव्हॅन घेऊन वर गेलात की न सांगता कळतं. उभ्या सपाट भिंतीवर आडवा वारा बसतो. हूक गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागं असल्यामुळं ट्रेलरचा प्रत्येक झोका गाडीचं शेपूट तरफेसारखं फिरवतो. ठरावीक वेगाखाली हे झोके आपोआप विरतात, त्या वेगाच्या वर गेलं की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. हा वेग प्रत्येक ट्रेलरचा वेगळा. मागं भार असला की तो खाली येतो. काल 70 ला शांत चाललेला ट्रेलर आज मागची टाकी भरल्यावर 70 लाच नाचू लागतो ते यामुळं.

ट्रेलर डुलायला लागला की पाय ब्रेककडं जातो. तिथंच घात होतो. गाडीचा ब्रेक मारला की पुढची गाडी मंदावते आणि मागचं धूड तिला ढकलत राहतं, कोन आणखी वाढतो. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा, झोक्यांशी स्टिअरिंगनं भांडायचं नाही. ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतील तर चालकाजवळच्या कंट्रोलरवर हातानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. मागून खेचलं की दोरी ताणल्यासारखी सगळी रांग सरळ होते. "वेग वाढवून बाहेर काढायचं" असा सल्ला देणारे भेटतात. त्यांना चहा पाजावा, गाडी देऊ नये.

पसरणीचं गणित

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात आपण साडेपाचशे मीटरच्या वर चढतो. चढताना इंजिन तापतं, ते सगळ्यांना दिसतं. उतरताना काय तापतं याकडं कुणी बघत नाही.

गाडी, माणसं आणि ट्रेलर मिळून साडेतीन हजार किलो धरा. हे वजन 550 मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे 60 लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला येईल. तीन-चार हंडे. यातला काही भाग टायर आणि वारा खातात, पण उरलेलं कुठंतरी जायलाच हवं. इंजिननं घेतलं नाही तर ते सगळं ब्रेकच्या ड्रमात आणि डिस्कमध्ये जातं. तापलेल्या लायनिंगची पकड सुटते, पॅडल पूर्वीसारखंच दाबलं तरी गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुनं असेल, त्यानं दमट हवेतलं पाणी शोषलं असेल, तर ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल थेट तळाला जातं.

म्हणून ट्रकवाल्यांचा जुना नियम: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. ट्रेलर असेल तर मी म्हणेन त्याच्याही एक खाली. आणि गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा. ब्रेक दाबून धरत उतरण्यापेक्षा एकदा नीट दाबून वेग पाडायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. वेग निम्मा केला तर गतीची ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाई होते. 40 आणि 80 मधला फरक दुपटीचा वाटतो, ब्रेकला तो चौपटीचा असतो.

पुतण्याच्या ट्रेलरला युरोपी पद्धतीचे ब्रेक आहेत. गाडी मंदावली की मागचा ट्रेलर पुढं रेटतो, त्या रेट्यानं दांडी जराशी आत सरकते आणि तीच सरकण ट्रेलरचे ब्रेक लावते. वायर नाही, कंट्रोलर नाही, झकास युक्ती. पण लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत असतो, म्हणजे त्याचे ब्रेक सतत घासत राहतात. त्यामुळं अर्ध्या घाटात थांबणं भाग आहे. आणि जुन्या बनावटीत रिव्हर्स घेतानाही दांडी आत जाते, ब्रेक लागतात. तेव्हा दांडीवरची कडी फिरवून ते बंद करावे लागतात. पुतण्या दोन दिवस "रिव्हर्सला इंजिन कमी पडतंय" म्हणत होता ते हेच.

आपल्याकडच्या बऱ्याच उसाच्या ट्रॉल्यांना तर ब्रेकच नसतात. त्या ताशी वीस किलोमीटरनं जातात म्हणून निभावतं, आणि कधीकधी निभावत नाही.

साताऱ्याहून पुण्याकडं जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर येणारं ते नागमोडी वळण सगळ्यांना माहीत आहे. मागं ट्रेलर असेल तर वेग बोगद्यातच पाडून घ्यावा. वळणात शिरून ब्रेक मारणं म्हणजे शेपटाला आमंत्रण.

हबला हात

दर थांब्याला चहा सांगायच्या आधी एक फेरी. तळहाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ, न्यायची, मग टेकवायची. कोमट चालेल. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं असेल तर आत काहीतरी घासतंय: एकतर ब्रेक सुटत नाही, किंवा बेअरिंग खराब होत चाललंय. आण्णांच्या बैलगाडीला वंगणाचा नळा टांगलेला असायचा आणि आख कुरकुरला की गाडी तिथंच थांबायची. कॅराव्हॅनचा आख कुरकुरला तरी काचा लावून एसीत बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही. तो वास येईपर्यंत जातो, आणि कधी चाक शेजारून पुढं पळताना दिसेपर्यंत.

ट्रेलर वर्षातले दहा महिने उभा असतो हे त्याचं खरं दुखणं. पळणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त सडते. बेअरिंगातलं ग्रीस एका बाजूला ओघळतं, दमट हवेनं रोलरवर गंजाचे ठिपके पडतात. वर्षातून एकदा, किंवा 16 ते 20 हजार किलोमीटरला, यातलं जे आधी येईल तेव्हा, हब उघडून बेअरिंग धुवावं आणि नवं ग्रीस भरावं. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, वरच्या बाजूनं रोलरांच्या मधून ग्रीस डोकं काढेपर्यंत. वरून नुसतं फासलेलं ग्रीस आत जात नाही.

नंतर हब आखावर धरून ठेवणारा नट मात्र जपून आवळायचा. पुतण्याला एका गॅरेजवाल्यानं हा नट "काय होत नाही, टाइट असलेला बरा" म्हणत पान्याला लोंबकळून आवळून दिला. शिरवळपर्यंत जायच्या आत हबवर हात ठेववेना. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग जरा ढिला सोडायचा, नट फिरू नये म्हणून नवी कॉटर पिन घालायची. चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड नको, आणि हातानं फिरवलं तर अडखळायला नको. एवढंच.

चाकाचे नट ही याच्या उलट गोष्ट, ते घट्टच हवेत. चाक काढून पुन्हा बसवलं असेल तर पहिल्या 15, 40 आणि 80 किलोमीटरला पुन्हा तपासायचे, कारण नव्यानं बसलेलं चाक बसता बसता ढिलं होतं. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना, घ्या. ट्रेलरवर केलेल्या खर्चात तो चिल्लर आहे.

टायरबद्दल एक. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगला, हे ट्रेलरला लागू नाही. नक्षी झिजायच्या आधी रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: 2319 असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदलायचा, तो नवाकोरा दिसत असला तरी. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त चेंबतो, चेंबणं म्हणजे उष्णता. मेच्या दुपारी डांबर आधीच भाजत असतं.

पाऊस, गॅस आणि कागद

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कॅराव्हॅनचं छत म्हणजे चार तुकड्यांचे सांधे, आणि हा सांधा रस्त्यावर दिवसभर हलत असतो. पाणी आत टपकलं तर नशीब म्हणायचं. बहुतेक वेळा ते भिंतीतल्या प्लायवूडमध्ये मुरतं आणि तुम्हाला दोन वर्षांनी कळतं, भिंत बोटानं दाबली की मऊ लागते तेव्हा. पावसाळ्याआधी आणि नंतर शिडी लावून सगळे सांधे, खिडक्यांच्या कडा, दिव्यांचे स्क्रू बघायचे. उन्हानं तडकलेला सीलंट खरवडून काढून नवा भरायचा. जुन्यावर नवा थापला तर पाणी खालून जातंच.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळात भोकं हवीत. आधीच्या मालकानं उंदीर येतात म्हणून ती बुजवली होती. आम्ही ती उघडून जाळी मारली. चालत्या गाडीत सिलिंडर बंद. आणि डिसेंबरात पाचगणीला थंडी वाजते म्हणून बंद कॅराव्हॅनमध्ये शेगडी पेटवून झोपू नका. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

कागदांचं थोडक्यात: केंद्र सरकारच्या 2004 च्या वाहनप्रकारांच्या यादीत खाजगी वापराचा कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर बिगर-वाहतूक गटात धरलाय. म्हणजे टॅक्सीसारखा परवाना लागत नाही, पण ट्रेलरची स्वतःची नोंदणी, नंबरप्लेट आणि चालू दिवे लागतातच. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेल्या ट्रेलरची नोंदणी नंतर करू म्हणणाऱ्यांनी आधी आरटीओत जाऊन बसावं. महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याचा रोख पर्यटनाचा धंदा आणि कॅराव्हॅन पार्क यांच्यावर आहे.

राहिला रिव्हर्स. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. हात डावीकडं नेला की ट्रेलरचं शेपूट डावीकडं जातं. फार फिरवलं की ट्रेलर चाकूसारखा मिटतो, मग पुढं जाऊन पुन्हा सुरुवात. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा अवघड, कारण तो पटकन मिटतो. शिकायला मी पुतण्याला कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर नेला. हंगाम संपलेला, मैदान मोकळं, फक्त उसाचं पाचट उडत होतं. चार विटा उभ्या करून त्याला म्हटलं, यांच्या मधे घाल.

सातव्या वेळेला विटा पडल्या तेव्हा सावलीत बसलेला एक ट्रॅक्टरवाला उठून आला. त्यानं काचेतून आत बघून विचारलं, "मागचं बघून चालवताय का? आरशातनं फक्त ट्रेलरचं चाक बघा. चाक जाईल तिकडं घर जाईल." आठव्या वेळेला गेला. मग ट्रॅक्टरवाल्यानं आत डोकावून पलंग पाहिला, नळ सोडून पाहिला, आणि टाकी रिकामी आहे म्हटल्यावर स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुतण्याला दिलं. गाडी निघताना त्यानंच आठवण केली, "चाकाचा दगड काढा. आणि रस्त्यात टाकू नका, रात्री आम्हीच त्याच्यावर चढतो."